आधी दाजींशी बोला, मग कोर्टाची पायरी चढा

वाचकाचं पत्र, थोडक्यात

सांगलीचे वाचक, वय ४४. नदीकडच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात माल गेला, सावरत होते तोवर टाळेबंदी आली आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी शिरलं. २०२३ मध्ये दुकान बंद केलं. आता कुपवाड एमआयडीसीतल्या एका गोदामात हिशेब लिहितात, हाती महिना २२ हजार पडतात. पत्नी घरी शिवणकाम करते. दोन खोल्यांचं घर त्यांच्या नावावर आहे, त्यावर बोजा नाही.

देणं एकूण २१ लाख ४० हजार. पतसंस्थेचे साडेसात लाख, त्याला जामीन थोरल्या बहिणीचे यजमान आणि एक शाळासोबती. बँकेचं वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्ड मिळून चार लाख. मोबाइलवरून घेतलेलं फायनान्स कंपनीचं कर्ज दोन लाख. पत्नीच्या दागिन्यांवर दीड लाख. इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांची २०२१ मधली बिलं दोन लाख चाळीस हजार. आणि एक खासगी सावकार मागतो ते चार लाख.

ते विचारतात: "वकिलानं पन्नास हजार फी सांगितली, ती माझ्याकडे नाही. नेटवर वाचलं की फॉर्म भरून स्वतःच दिवाळखोरी जाहीर करता येते आणि सगळं कर्ज माफ होतं. वकिलाशिवाय अर्ज करू का? त्याआधी घर पत्नीच्या नावे बक्षीसपत्र करून ठेवू का? पतसंस्थेच्या वसुली दाखल्याची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. दाजींना मी अजून काही सांगितलेलं नाही. कधी कधी वाटतं, मीच नसलो तर सगळ्यांचं सुटेल."

उत्तर

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यानंतरचं आहे. तुम्ही नसलात तर कुणाचंही सुटणार नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदार गेला म्हणून संपत नाही. पतसंस्था मग सरळ दाजींकडे जाईल, आणि त्यांना उत्तर द्यायला तुम्हीही नसाल. पण हिशेबाचं राहू दे. हे वाक्य तुम्ही मला, एका अनोळखी माणसाला, लिहू शकलात. तेच आज रात्री पत्नीला सांगा. जमत नसेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री चालते आणि मराठीत बोलता येतं. कर्जात बुडालेल्या माणसाला झोप लागत नाही, आणि न झोपलेल्या डोक्यानं घेतलेले निर्णय फार महागात पडतात. म्हणून हे आधी.

आता तुमचा प्रश्न. होय, वकिलाशिवाय अर्ज करता येतो. आपल्या कोणत्याही दिवाणी कोर्टात पक्षकाराला स्वतः उभं राहून आपली बाजू मांडायचा हक्क आहे. पण तुम्ही नेटवर जे वाचलं ते बहुधा अमेरिकेचं आहे. तिथे 'चॅप्टर सात' नावाच्या तरतुदीखाली छापील फॉर्म भरून माणूस स्वतः दिवाळखोरीचा अर्ज करतो, आणि साध्या प्रकरणात साधारण चार महिन्यांत बरंचसं विनातारण कर्ज माफ होतं. आपल्याकडे तसं नाही, आणि त्या आशेवर पुढची पावलं टाकाल तर फसाल.

आपल्याकडे २०१६ साली दिवाळखोरीची नवी संहिता आली. तिचा सर्वसामान्य माणसांसाठीचा भाग अजून पूर्ण लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता लागू आहे. अगदी गरीब कर्जदाराला नव्यानं सुरुवात करू देणारी एक सोपी पद्धतही त्या संहितेत लिहून ठेवली आहे, पण ती पुस्तकातच आहे. त्यामुळे सांगलीच्या माणसाला आजही १९२० चा प्रांतिक नादारी, म्हणजे दिवाळखोरी, कायदाच लागतो आणि त्याखालचा अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. शंभर वर्षांपूर्वीचा कायदा असल्यानं त्यात कर्जाची किमान मर्यादा ५०० रुपये आहे. ती अट तुम्ही पुरी करता, यात शंका नाही.

अर्जात काय लागतं ते सांगते, म्हणजे पन्नास हजार कशाचे हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी कर्ज फेडू शकत नाही, असं स्पष्ट विधान. राहण्याचा किंवा धंद्याचा पत्ता. प्रत्येक देणेकऱ्याचं, म्हणजे ज्याचे पैसे द्यायचेत त्याचं, नाव, पत्ता, रक्कम. आपल्या प्रत्येक मालमत्तेचा तपशील, अंदाजे किंमत आणि ती कुठे आहे ते. ती सगळी कोर्टाच्या हवाली करायला तयार असल्याची कबुली. यापूर्वी असा अर्ज केला होता का, हे. खाली सही आणि सत्यापन. जिल्हा न्यायालयाची भाषा मराठी आहे, त्यामुळे अर्ज मराठीत चालतो. दहा वर्षं दुकानाची वही लिहिलेल्या माणसाला हा अर्ज अवघड नाही.

अवघड आहे ते त्यानंतरचं. कोर्ट सगळ्या देणेकऱ्यांना नोटिसा काढतं, राजपत्रात जाहीर होतं. तुम्ही खरंच फेडू शकत नाही, असं सकृद्दर्शनी दिसलं तर कोर्ट तुम्हाला नादार ठरवतं. त्या दिवशी तुमची मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. विनातारण देणेकऱ्याला मग कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्याविरुद्ध नवा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा आदेशही मागता येतो. हा खरा दिलासा आहे आणि ज्याला दुसरा मार्गच उरलेला नाही त्याच्यासाठी तो मोलाचा आहे. पण कर्ज यानं सुटत नाही. ते सुटतं 'डिस्चार्ज'च्या आदेशानं, आणि तो तुम्हाला वेगळा अर्ज करून, कोर्टानं ठरवलेल्या मुदतीत मागावा लागतो. मुदत चुकली तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि सगळे देणेकरी पुन्हा दारात येतात. शिवाय तुमची मालमत्ता विनातारण देण्याच्या निम्म्यापेक्षा कमी भरली, तर पूर्ण डिस्चार्ज सहसा नाकारला जातो. अपवाद एकच: ही अवस्था माझ्या दोषामुळे आलेली नाही, हे तुम्ही दाखवून दिलं तर.

इथे तुमच्याकडे असं काही आहे ज्याची तुम्हाला किंमत वाटत नसेल. पुराचे पंचनामे. २०१९ चे, २०२१ चे. भिजलेल्या मालाचे फोटो, नुकसानभरपाई जमा झालेली बँकेतली नोंद, विमा कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, दुकानाच्या वह्या. हे सगळं एका पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवा. शेवटच्या तीन वर्षांचे हिशेब न ठेवणं हेसुद्धा डिस्चार्ज नाकारायचं कारण आहे. आणि कलेक्टर कचेरीतून, तलाठ्याकडून पंचनाम्याची प्रत मिळत असेल तर ती आताच घ्या.

आता घर. बक्षीसपत्राचा विचार कृपा करून सोडून द्या. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतरण रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. आणि मालमत्ता लपवल्याचं सिद्ध झालं तर त्याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैद आहे. म्हणजे घर वाचणार नाहीच, वर आजवर तुमच्या बाजूनं असलेली एकमेव गोष्ट जाईल: पुरानं बुडालेला प्रामाणिक दुकानदार ही तुमची ओळख. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन तिच्यावर तुम्हीच काट मारू नका. वहिनींच्या नावे घर करून त्यांना सुरक्षित करतोय असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही त्यांना एका खटल्यात पक्षकार करून ठेवाल.

घर सोडून काय राहतं, तेही माहीत असू द्या, कारण भीती बऱ्याचदा अंधारात वाढते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कपडे, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत. वहिनींचं शिवणयंत्र त्यांचं आहे. भविष्य निर्वाह निधी आणि आयुर्विम्याच्या पॉलिसीचे पैसे जप्तीबाहेर आहेत. पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हातात राहतात. तुमच्या २२ हजारांत १५ हजार सुरक्षित आणि फार तर ७ हजार जप्त होऊ शकतात, तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिन्यांच्या पुढे नाही. शेतकऱ्याचं आणि मजुराचं राहतं घरही त्या यादीत आहे. तुम्ही गोदामात कारकुनी करता, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका.

आणि तुरुंग. फोनवर कुणी "उद्या पोलीस घेऊन येतो" म्हणत असेल तर ते खोटं आहे. कर्ज थकणं हा गुन्हा नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात दिवाणी कैदेची तरतूद आहे, पण नुसती ऐपत नाही म्हणून माणसाला कैदेत टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० सालीच सांगितलं आहे. ऐपत असून टाळाटाळ केली असेल तर गोष्ट वेगळी. एका ठिकाणी मात्र सावध राहा. चेक न वटल्याचा खटला, म्हणजे कलम १३८, फौजदारी आहे. नादारीच्या अर्जानं तो थांबत नाही. बँक खात्यातून आपोआप जाणारा हप्ता न वटला तरी तसाच खटला होऊ शकतो. त्याची नोटीस आली की १५ दिवसांच्या आत पैसे भरा किंवा निदान लेखी उत्तर द्या. समन्स आलं तर त्या तारखेला हजर राहा. कोर्टाचं समन्स टाळणाऱ्यावर निघणारं वॉरंट खरं असतं.

हे सगळं सांगितल्यावर मला तुमच्या पत्रातल्या एका गृहीताबद्दल विचारायचंय. तुम्ही सगळं देणं एका आकड्यात बांधलंय, २१ लाख ४० हजार, आणि तो आकडा पाहून दिवाळखोरी हा एकच दरवाजा उरला असं ठरवलंय. पण ही सहा वेगळी देणी आहेत, प्रत्येकाचा कायदा वेगळा आहे, आणि त्यातलं एक तर मला देणं वाटतच नाही.

ते म्हणजे सावकाराचं. तुम्ही लिहिता, २०२१ मध्ये दोन लाख घेतले, महिना पाच टक्क्यांनी, आणि अडीच वर्षं दर महिन्याला दहा हजार दिले. म्हणजे तीन लाख दिले आणि अजून तो चार लाख मागतो. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ प्रमाणे बिगरशेती, विनातारण कर्जाला परवानाधारक सावकारानंसुद्धा घ्यायचं व्याज वर्षाला १८ टक्के आहे, म्हणजे महिन्याला दीड टक्का. त्या दरानं तुमचे दहा-दहा हजार आधी व्याजात आणि उरलेले मुद्दलात धरत गेलं, तर हे कर्ज दोन वर्षांत पूर्ण फिटतं. पुढचे सहा महिने तुम्ही जास्तीचे भरलेत. आणि त्याच्याकडे परवाना नसेल तर कोर्ट त्याला वसुलीचा हुकूमनामाच देत नाही. विनापरवाना सावकारी हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. त्याला वकील लागत नाही, साधा अर्ज चालतो. बँकेचा उतारा, फोनवरून पाठवलेल्या रकमांच्या नोंदी, रोख दिली त्या तारखा, सोबत कोण होतं, हे जोडा.

त्याच्याकडे तुमचे दोन सही केलेले कोरे चेक आणि कोरा स्टँपपेपर आहे, हे मला जास्त काळजीचं वाटतं. चेक कोरा दिला होता, असं नुसतं म्हणून भागत नाही. सही तुमची असली की तो देण्यापोटीच दिला असं कोर्ट गृहीत धरतं आणि ते खोडून काढायचं काम तुमच्यावर येतं. बँकेला चेक थांबवायला सांगितलं तरी १३८ टळतंच असं नाही. म्हणून तो चेक भरायच्या आत, निबंधकाकडच्या तक्रारीत दोन्ही चेकचे नंबर आणि कोऱ्या स्टँपपेपरची हकिकत लिहून पोच घ्या. पुढे हीच पोच तुमचा बचाव असेल. सावकार गावातला आहे, वजनदार आहे, हे मी समजू शकते. त्या कचेरीत एकटे जाऊ नका. त्यानं धमकावलं तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. जो माणूस दोनाचे तीन घेऊन वर चार मागतो, त्याच्यापुढे मान खाली घालायचं तुम्हाला काहीच कारण नाही.

इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांचं उलट आहे. उधारीच्या मालाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयानं २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळ मुदतीतून वगळला होता. त्यामुळे २०२१ च्या बिलांची मुदत, मधे तुम्ही काही भरलं नसेल आणि लेखी कबुलीही दिली नसेल तर, फेब्रुवारी २०२५ अखेर संपली असं धरता येतं. म्हणजे ती रक्कम बहुधा कोर्टातून वसूल होणार नाही. पण त्यांनी तुम्हाला विश्वासावर माल दिला होता, पूर त्यांच्याही धंद्याला बसला. माझं मत विचाराल तर कोर्टाची भीती नसली तरी हे पैसे मनाच्या वहीत राहू द्या आणि बरे दिवस आल्यावर थोडे थोडे द्या. फक्त आज घाबरून कसल्याही कागदावर "देणं मान्य" अशी सही करू नका, कारण अर्ज करायची वेळ आलीच तर या कागदानं चित्र बदलतं.

बँक आणि फायनान्स कंपनी. इथे थकबाकीदाराशी एकरकमी तडजोड होते, आणि ती तुम्ही स्वतः करू शकता. शाखेला किंवा कंपनीला लेखी पत्र द्या: उत्पन्न इतकं, अवलंबून इतके, पंचनामे सोबत, महिन्याला एवढं किंवा एकदम एवढं देऊ शकतो. जमणार नाही असा आकडा भीडेनं कबूल करू नका. तडजोडीचं पत्र लेखी हातात पडल्याशिवाय एक रुपया भरू नका, आणि भरल्यावर 'थकबाकी नाही' असा दाखला घ्या. सिबिलवर 'सेटल्ड' अशी नोंद राहील आणि काही वर्षं नवं कर्ज मिळणार नाही. तुमच्या बाबतीत ते चांगलंच आहे. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोन रेकॉर्ड करा, आधी कंपनीकडे तक्रार करा, तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तेही फुकट आहे.

दागिन्यांचं वहिनींना ठरवू द्या. ते त्यांचं स्त्रीधन आहे आणि तारण असल्यामुळे नादारीचा त्यावर परिणाम होत नाही. लिलावाची वाट पाहण्यापेक्षा, त्यांची तयारी असेल तर, एखादा दागिना मोडून बाकीचे सोडवणं फायद्याचं पडतं. लिलाव झालाच तर कर्ज वजा जाता उरलेली रक्कम परत मागा.

राहिली पतसंस्था, आणि खरं दुखणं तिथे आहे. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचा नव्हे, सहकार खात्याचा कायदा चालतो. त्यांनी कलम १०१ खाली वसुली दाखल्याचा अर्ज केलाय. हा दाखला एकदा निघाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, आणि त्याविरुद्ध वर दाद मागायला आधी वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. तुमच्यासारखे किती तरी लोक या सुनावणीला जातच नाहीत, नोटीस कपाटात ठेवून देतात. तुम्ही जा. कर्जखात्याचा पूर्ण उतारा लेखी मागा, दंडव्याज किती लावलंय, पुरानंतर काही सवलत मिळाली होती का, ती लावली का, हे तपासा. तिथेच हप्ते बांधून मागा. त्या अधिकाऱ्यापुढे स्वतः बोलायला वकील लागत नाही.

आणि ही नोटीस जामीनदारांनाही जाते. दाजींच्या दारात ती आज ना उद्या पोचेल, कदाचित पोचलीही असेल. तुम्ही दिवाळखोरीचा अर्ज करून समजा सुटलातही, तरी कायदा स्पष्ट आहे: कर्जदाराला डिस्चार्ज मिळाला म्हणून जामीनदार सुटत नाही. पतसंस्था सगळे साडेसात लाख दाजींकडून आणि तुमच्या मित्राकडून मागेल. तुम्ही अर्जाकडे सुटकेची वाट म्हणून पाहताय, पण तुमच्यावरचं सगळ्यात मोठं कर्ज त्या वाटेनं बहिणीच्या घरात जाऊन बसेल. हे तुम्हाला चालणार आहे का? तुमच्या पत्रावरून मला नाही वाटत.

म्हणून माझा सल्ला असा: आत्ता अर्ज करू नका. सावकाराचे चार लाख वजा करा, मुदतीबाहेरचे बाजूला ठेवा, तारण वेगळं काढा. उरतात साडेतेरा लाख, त्यातले साडेसात पतसंस्थेचे. तडजोडीनंतर हा आकडा आणखी खाली येईल. मग घर विकून भाड्यानं राहायचं की नाही, हा प्रश्न तुम्ही दोघं शांत डोक्यानं घेऊ शकाल. स्वतः बाजारभावानं विकलेल्या घराची किंमत लिलावापेक्षा बरी येते. पण तेव्हाही सगळ्या देणेकऱ्यांशी उघड बोलणी करत विका. एकाचंच देणं मुद्दाम भागवून तीन महिन्यांच्या आत नादारीचा अर्ज केला, तर तो व्यवहारही कोर्ट रद्द करू शकतं.

तडजोड कुणीच ऐकली नाही, जप्त्या सुरू झाल्या, तर अर्जाचा मार्ग आहेच, आणि तेव्हा तो जरूर घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र एकट्यानं करू नका, आणि पन्नास हजारही देऊ नका. विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्याला तिथे फुकट वकील मिळतो. तुमचा पगार वर्षाचा दोन लाख चौसष्ट हजार होतो. पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तीत सापडलेल्यांचा त्या कायद्यात वेगळा उल्लेख आहे, आणि स्त्रियांना तर उत्पन्नाची अटच नाही, त्यामुळे दागिन्यांच्या कर्जासाठी वहिनी स्वतः अर्ज करू शकतात. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. बँकेची आणि फायनान्स कंपनीची प्रकरणं दावा दाखल होण्याआधी लोकअदालतीत ठेवायलाही तेच मदत करतात. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून तिथेही झेपेल तेवढ्याच हप्त्याला हो म्हणा.

हे वाचणाऱ्या इतरांपैकी कुणी आधीच अर्ज करून बसलं असेल, तर दोन गोष्टी तपासा. डिस्चार्जच्या अर्जाची मुदत कोणती आहे ती. आणि डिस्चार्ज मिळेपर्यंत कुणाकडून पन्नास रुपयांची जरी उधारी घेतली तरी आपण नादार आहोत हे आधी सांगणं बंधनकारक आहे, नाही तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जिल्हा न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध अपील करायचं असेल तर ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सांगली आणि साताऱ्यासाठीही आहे.

तर दाजी. येत्या रविवारी त्यांच्याकडे जा, एकटे नका जाऊ, वहिनींना घेऊन जा. ताई समोर असू द्या, तिला वगळून दोन पुरुषांत बोलणं नको. सोबत पतसंस्थेची नोटीस, कर्जाचा उतारा आणि वर सांगितल्याप्रमाणे सुटी केलेली देण्याची यादी न्या. ते चिडतील, बोलतील. तो त्यांचा हक्क आहे, मधे सफाई देऊ नका. त्यांचं बोलून झालं की इतकंच सांगा की पुढच्या महिन्यात सुनावणी आहे, मी तिथे हप्ते बांधून मागणार आहे, आणि तुम्ही सोबत आलात तर तुमची बाजूही लेखी नोंदवता येईल. दुसऱ्या दिवशी हेच तुमच्या मित्राला सांगा. जामीनदारानं भरलेली रक्कम तुमच्याकडून वसूल करायचा त्याला कायद्यानं हक्क आहे. तो हक्क तुम्हाला मान्य आहे, हेही दोघांना तुमच्याच तोंडून कळू द्या.